मोटर बंद करणारी डब्बी

आमचं काम ऐकून लोक हसतात, अन् करताना आम्ही घाबरलेले असतो. अशा जागी किस्से साचतातच!

चौबे कॉलोनीतल्या दोन खोल्यांत आम्ही तिघं: मी, प्रफुल अन् वैशालीताई. कारखान्याच्या मोटरवर बसणारी डब्बी बनवतो. ती मोटरची थरथर ओळखते, अन् गडबड वाटली तर कोणाले न विचारता मोटर बंद करते. इंटरनेट नाही, मेमरी चिमूटभर. प्रफुलनं एकदा तिच्यात हौसेनं आमची तिघांची नावं टाकली. ताईनं लगेच पुसली. "नावं ठेवू, का अक्कल ठेवू?"

पहिली डब्बी बीरगांवच्या एका कारखान्यात लागली. पहिल्याच दिवशी मोटर तीनदा बंद! मालक लाल, आम्ही घामाघूम. शेवटी कळलं, फोरमन साहूजी टेकायले मोटरच्या चौथऱ्यावर बसले, की थरथर बदलायची. साहूजी दचकून उठले. "भैया, ये मेरेको तौल रही है क्या?"

तेव्हापासून माझी झोप गेली. उगाच बंद झाली तर मालक ओरडणार. पण बंद व्हायच्या वेळी झाली नाही, तर? जेवताना पंखा कुरकुरला तरी माझा घास थांबायचा. बायको म्हणे, "काहून कान लावून राहिले? पंखा आहे तो!" पोट्टी हिंदीतच बोलली, "पापा, इसको भी बंद कर दोगे क्या?"

त्या आठवड्यात मोटर आणखी दोनदा उगाच थांबली. मालकानं फर्मान काढलं, "बंद करना बंद! सिर्फ घंटी बजाओ." आम्ही हव म्हटलं. पण घंटीचा प्रोग्राम डब्बीत मावेचना! ताई दोन दिवस एकेक ओळ छाटत बसली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी अन् प्रफुल लॅपटॉप घेऊन बीरगांवले पोचलो.

मोटर बंद. भोवती माणसं गोळा झालेली. आम्ही गर्दीतून वाट काढत पुढं घुसलो.

फिरत्या दांड्यात एका कामगाराचा गमछा गुंडाळला गेला होता. साहूजी तो कापून काढून राहिले होते. कामगार खाली बसलेला, मान लालबुंद, पण पाणी पीत होता.

"अपने आप रुक गई," साहूजी एवढंच म्हणाले.

मालक आमच्याकडे वळले. "नया वाला डाल दिया था क्या?"

"नहीं सर," प्रफुल चाचरला. "अभी डालने आए हैं."

मालकानं त्याच्या हातातला उघडा लॅपटॉप हळूच मिटवला.

"चाय पियोगे?"