रोगट बरबटीचा वाफा

आमच्या गावी, सानगडीला, माझी आई, मंदाबाई, बरबटी म्हणजे चवळी लावते. मी पुण्यात झाडांच्या विषाणूंवर काम करते. रोगट पानांतून विषाणू वेगळा काढायचा, त्याचे स्फटिक वाढवायचे आणि त्यांतून क्ष-किरण सोडून त्याची घडण शोधायची. त्यासाठी मला पिवळे डाग पडलेली पानं हवी होती. फोनवर बजावून सांगितलं, "माय, रोगटच पाठव."

तिनं पाठवलेला डबा उघडला तर धुतलेली हिरवीगार पानं, वर कोवळ्या शेंगांची जुडी! माझं डोकंच फिरलं. फोन लावून मी ओरडले, "रोगट म्हटलं होतं ना?"

"लेकीले रोगट पाला पाठवू का मी? लोकं काय म्हणतीन?" ती माझ्यावरच उलटली. "तो तं मी उपटून जाळला!"

महिनाभर आम्ही बोललो नाही. पण तेव्हापासून दर हंगामात ती एक वाफा शिव्या देत रोगट राहू देते आणि पाला मला पाठवते.

यंदा अखेर विषाणूचं चित्र हाती आलं. गावी जाऊन मी तिला ते मोबाइलवर दाखवलं. "रांगोळीसारखा आहे ना? किती देखणा!"

"देखणा? या मेल्यानं माह्या वाड्या खाल्ल्या, अन् तू कौतुक करून राहिली? याले कुठून फोडाचा, ते सांग."

"ते अजून नाही समजलं."

"मंग मले चित्र कायले दाखवतं?" म्हणत तिनं बादली उचलली आणि त्या रोगट वाफ्याला पाणी घालायला तरातरा निघून गेली.