दिवेआगरचा ‘ली’चा वर्ग

किस्से काही गोळा करायला जावं लागत नाही, मंडळी. वाडीत झावळ्या पडतात तसे ते पडत राहतात आणि उचलायला वेळ मिळेपर्यंत ढीग होतो. माझा ढीग दिवेआगरातला. हायस्कुलातून रिटायर झाल्यावर मी समाजमंदिरात रोज चार ते पाच इंग्लिश स्पीकिंगचा क्लास घ्यायचो, फुकट. वादळात नारळी-पोफळी आडव्या झाल्या, तेव्हा बऱ्याच जणांनी घरातल्या दोन खोल्या रंगवून होमस्टे काढले. पाहुण्यांशी बोलता यावं म्हणून ही मोठी माणसं यायची. टेन्स त्यांनी पटकन उचलले. गाडी अडली ती ॲडजेक्टिव्ह आणि ॲडव्हर्बवर.

मी सोपं करून सांगितलं, "वस्तू कशी आहे, ते ॲडजेक्टिव्ह. काम कसं केलं, ते ॲडव्हर्ब. त्याला बहुतेक वेळा शेवटी ‘ली’ लागतो." त्यातला ‘बहुतेक’ कुणी ऐकलाच नाही!

*

प्रभाकरने दुसऱ्याच दिवशी होमस्टेला बोर्ड लावला. ‘क्लीनली रूम. फ्रेशली फिश. चीपली रेट.’

"अरे, रूम स्वच्छ आहे ना? मग नुसतं क्लीन लिही," मी म्हटलं.

"सर, ‘ली’ लावला की जरा भारी वाटतं."

"पाहुणे काय म्हणाले?"

"पाहुणे कुठं हायत? दिवाळीपासून एक गाडी थांबली, ती पण श्रीवर्धनचा रस्ता विचारायला."

बोर्ड मग मी तसाच राहू दिला. जो वाचायला कुणी येत नाही, तो सुधारून तरी काय करायचं?

*

नासिरभाई मस्कतला तीस वर्षं ट्रक चालवून परतलेले. ते म्हणायचे, "आय ड्राइव्ह गुड." मी म्हणायचो, "गुड नाही, वेल." एकदा वैतागून म्हणाले, "सर, तीस साल शेठ को समझा. आप ही को नहीं समझता?" वर्ग खो खो हसला, मीही हसलो.

पावसाळ्यात त्यांची बायको गेली. बारा-पंधरा दिवसांनी ते गुपचूप येऊन आपल्या बाकावर बसले. सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं, "हाउ आर यू, नासिरभाई?"

"गुड, सर. व्हेरी गुड."

आणि वहीकडे बघत राहिले. त्या दिवशी मी कुणाचीच चूक काढली नाही.

*

सुमन ही वर्गातली सगळ्यात हुशार. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी पोफळीवरून पडून गेला. घरात ती आणि सासू, दोघीच. "तरण्या बाईने एकटीने जायचं न्हाय," म्हणून सासूबाई रोज सोबत यायच्या आणि दाराशी सूप घेऊन सुपारी निवडत बसायच्या. तासभर मान वर नाही.

घरचा अभ्यास म्हणून मी रोज दोन वाक्यं आणायला सांगायचो. एकात ॲडजेक्टिव्ह, एकात ॲडव्हर्ब. सुमन उभी राहिली. "माय मदर-इन-लॉ इज अँग्री. शी शाउट्स लाउडली."

वर्ग हसला. दाराशी सासूबाईही हसल्या. सगळे हसतात म्हणून हसल्या असतील, असं मला तेव्हा वाटलं.

"सुमन, खाला को समझा तो?" नासिरभाईंनी दाराकडे बघत विचारलं.

"त्यांना काय कळतंय? सहीला अंगठा लावतात त्या."

पुढे रोज एक वाक्य सासूवर. ‘माय मदर-इन-लॉ कुक्स बॅडली.’ ‘माय मदर-इन-लॉ इज ओल्ड अँड हेवी.’ दोन्ही वाक्यं बिनचूक. मी ‘व्हेरी गुड’ म्हणालो. आज आठवलं की माझीच मला शरम वाटते.

*

मग सुमनला माणगावहून मुलाखतीचं बोलावणं आलं. हायवेवरच्या एका हॉटेलात रिसेप्शनची जागा होती, राहायची सोय तिथेच. घराकडे ओढ असलेली बाई मात्र त्यांना नको होती. आधीची मुलगी दर आठवड्याला गावी पळायची म्हणे.

"आईंना सांगितलंस?" मी हळूच विचारलं.

"न्हाय, सर. मराठीत सांगायला जीभ वळत न्हाय."

इंग्रजीत मात्र वळत होती. दारात बसलेल्या म्हातारीच्या देखत ती रोज घोकायची, "आय विल जॉइन इमिजिएटली. आय विल लिव्ह देअर परमनंटली." दोन्ही ॲडव्हर्ब अचूक जागी. सासूबाई सुपारी निवडत राहायच्या. म्हातारीपासून तिचंच घर मोडण्याची बातमी लपवायची भाषा मी शिकवली होती, आणि तीही फुकट.

*

मुलाखतीच्या आदल्या दिवशी वर्गात रंगीत तालीम झाली. मी मॅनेजर झालो. सुमन इस्त्रीची साडी नेसून समोर बसली. नाव, शिक्षण, अनुभव, सगळं फाडफाड झालं. मग मी तिनेच लिहून दिलेला शेवटचा प्रश्न विचारला.

"हू इज ॲट होम?"

उत्तर तिने पाठ केलं होतं. तरी अडखळली. दाराकडे बघितलं, पदर सारखा केला आणि कसंबसं पुटपुटली, "नोबडी, सर."

मला खरंच ऐकू आलं नाही. म्हटलं, "पार्डन?"

ती पुन्हा बोलली, पण इतकं घाईत की दोन शब्दांचा एकच झाला.

दारातून, सुपावरून मान वर न करता, सासूबाई म्हणाल्या, "स्पीक स्लोली, सुमन."