शेजारचा खड्डा

मी लग्न होऊन सासरी आली तेव्हा गावातल्या प्रत्येक घराला स्वतःचा उकिरडा होता आणि तो घराला लागूनच होता. कुणाचा न्हाणीच्या मागं, कुणाचा गोठ्याच्या आड, कुणाचा थेट दारासमोर. शेण, चुलीतली राख, अंगणातला केर, बैलांनी खाऊन उरवलेलं कुटार, भाजीची देठं, सगळं तिथंच पडायचं. पावसाळ्यात त्याचं पाणी गल्लीत यायचं आणि आम्ही बाया लुगडं वर धरून त्यातूनच विहिरीवर जायचो. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. उलट उकिरडा मोठा म्हणजे घर भरलेलं, असंच सगळे समजायचे.

आमचा उकिरडा एवढासाच होता. एक गाय, दोन शेळ्या, आणि खाणारी तोंडं तीन. सासू मी यायच्या आधीच वारलेली. नवरा कापसाच्या हंगामात यवतमाळला जिनिंगमध्ये कामाला असायचा. घरात उरायचे मी आणि सासरे. त्यांना मी मामाजी म्हणायची.

मामाजी छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले होते. तोवर चावडीपुढं झाडणं, कुणाचं ढोर मेलं तर ते ओढून गावाबाहेर नेणं, ही कामं आमच्या घराकडं होती. त्याबद्दल दारोदार जाऊन भाकरी मागायची. नागपूरहून आल्यावर मामाजींनी ते सगळं बंद केलं. त्यानंतर गावात एक म्हैस मेली, तेव्हा तिचा मालक वाट बघत बसला. आज येतील, उद्या येतील. शेवटी वास सुटला आणि त्यालाच पोरांना घेऊन खड्डा खणावा लागला, असं मला शेजारणींनी सांगितलं. मामाजी स्वतः त्यावर कधी बोलले नाहीत. आमचं नाल्यापलीकडं थोडं बरड वावर होतं, ते पिकवायचे आणि उरलेल्या वेळात अंबाडीचे दोर वळायचे. त्यांच्या दोरांना घाटंजीच्या बाजारात मागणी होती.

मी आल्याच्या पुढच्या वर्षी गावात ग्रामसेवक आला. वर्धेकडचा तरुण मुलगा, पायात बूट, हातात मोजायची टेप. त्यानं चावडीवर सगळ्यांना बसवून सांगितलं की उकिरडे गावाबाहेर न्यायचे. गायरानात एका ओळीत खड्डे खणायचे, त्यात शेण-कचऱ्याचे थर द्यायचे, वरून पाणी शिंपडून माती टाकायची. म्हणजे खत चांगलं कुजतं आणि गावात माश्या होत नाहीत.

"इतक्या दूर टोपलं घेऊन जाईन कोन?" बाया मागून ओरडल्या.

"तुम्हीच," ग्रामसेवक हसून म्हणाला. पुरुषही हसले. त्यांना कुठं टोपलं उचलायचं होतं!

कुणाचा खड्डा कुठं, यावरून भांडण होईल म्हणून त्यानं चिठ्ठ्या टाकल्या. आणि आमच्या खड्ड्याला शेजार मिळाला तो गावातल्या सगळ्यात मोठ्या कास्तकाराच्या घराचा. त्या घराचा कारभार एका म्हाताऱ्या विधवा बाईच्या हातात होता. सगळं गाव तिला मोठीबाई म्हणायचं. तिनं निरोप धाडला की तिचा खड्डा बदलून द्या. ग्रामसेवक तिच्या ओट्यावर जाऊन बसला, चहा प्याला आणि म्हणाला, "आजी, कचऱ्याला कसला विटाळ? चिठ्ठी निघाली ती निघाली." मोठीबाईनं मग दोन्ही खड्ड्यांच्या मधे तिच्या गड्याकडून चांगला हातभर उंच धुरा, मातीचा बांध, घालून घेतला.

त्याच धुऱ्यानं माझी मैत्रीण मिळवून दिली.

मोठीबाईच्या घरचं शेण गडी नेत, पण घरातला केर दुसऱ्याच्या हाती द्यायला ती तयार नव्हती. घरातली लक्ष्मी केरातून जाते, असं तिचं म्हणणं. म्हणून केराचं टोपलं तिची सून आणायची. ती दारव्ह्याकडची, माझ्याच वयाची, माझ्यासारखीच नवी. पहिले काही दिवस आम्ही एकमेकींकडं बघून नुसत्या हसलो. मग एकदा तिचं टोपलं रिकामं करताना वाऱ्यानं सगळी राख माझ्या तोंडावर आली. ती घाबरली. पदरानं माझं तोंड पुसायला धावली, आणि धुऱ्यावर पाय घसरून माझ्या खड्ड्याच्या काठावर येऊन बसली. आम्ही दोघी पोट धरून हसलो. तेव्हापासून रोज सकाळी टोपलं रिकामं झालं की आम्ही त्या धुऱ्यावर टेकायचो. घरी कुणी विचारलं तर सांगायचं, माती टाकत होती. तेवढा वेळ आमचा. तिच्या माहेरची बोरं, माझ्या भावाचं लग्न, कुणाची सासू कशी, कुणाच्या नवऱ्याला काय आवडतं. उन्हं वर आली की पदर सावरून दोघी दोन वाटांनी गावात शिरायचो. वाटेत विहिरीवर भेट झाली तर ओळख दाखवायची नाही, हे न बोलता ठरलं होतं.

माघ महिन्यात मोठीबाईची एकदाणी तुटली. एकदाणी म्हणजे सोन्याच्या मण्यांची माळ, तिच्या आईनं तिला दिलेली. अंघोळीच्या वेळी दोरा तुटला, मणी घरभर सांडले, ते गोळा करून तिनं वाटीत ठेवले. पुढच्या बाजाराला घाटंजीच्या सोनाराकडं ओवायला नेले, तेव्हा त्यानं मोजून सांगितलं की तीन मणी कमी आहेत. मधल्या दिवसांत घर कितीदा झाडून झालं होतं. केर सुनेनं नेलेला. म्हणजे मणी खड्ड्यात.

त्याच संध्याकाळी मोठीबाईचा गडी आमच्या दारात आला. मामाजी दोर वळत बसले होते. मी आत भाकरी थापत होती.

"मोठीबाईनं बलावलं," गडी म्हणाला. "खड्डा उपसाचा हाये. कोनाले तरी धाडा. भाकरी भेटन."

मामाजींनी हातातला दोर खाली ठेवला नाही. शांतपणे म्हणाले, "मोठीबाईले सांगजो, ते काम आमी सोडलं. वावरात निंदाले, कापूस येचाले बलावलं तं येऊ, मजुरीनं. उकिरडा उपसाले नाही येत."

गडी गेला. मी तव्यावरची भाकरी उलटायची विसरली, ती करपली. मामाजींनी तीच करपलेली भाकरी खाल्ली.

सकाळी मी टोपलं घेऊन गेली, तर माझी मैत्रीण खड्ड्यात उतरलेली. एकटी. गडी वावरात गेले होते, आणि घरी असते तरी सोन्याच्या बाबतीत मोठीबाईचा त्यांच्यावर विश्वास नव्हता. मैत्रीण हातानंच कचरा उकरत होती. मला बघून तिचे डोळे भरून आले.

"सासूबाई म्हणाल्या, मणी घेऊनच घरात ये," ती म्हणाली. "कुठून आणू मी?"

मी टोपलं तिथंच टाकून घरी परत आली. मामाजी ओट्यावर होते. त्यांच्यासमोर उभी राहून असं काही विचारायची माझी पहिलीच वेळ.

"मामाजी, मी खड्ड्यावर जाऊ काय? थे पोरगी एकटीच हाये."

"कोनी बलावलं तुले?"

"कोनीच नाही."

"मंग कायले जातं?"

"माही मैत्रीण हाये थे."

ही गोष्ट मी पहिल्यांदाच मोठ्यानं बोलली. मामाजींनी माझ्याकडं बघितलं. काल ज्याला नाही म्हटलं, तेच काम सून करायला निघाली होती. गाव काय म्हणेल हे मला कळत होतं, तर त्यांना किती कळत असेल!

"मैत्रीण हाये तं जा," ते शेवटी म्हणाले. "पन एक आयक. भाकरी देतीन, दाने देतीन, काहीच घ्याचं नाही. चिंधीबी नाही."

"नाही घेत."

मी वळली, तेव्हा ते उठले आणि आतून आमचं लहान फावडं आणून माझ्या हातात दिलं.

आम्ही दोघींनी वरचा थर काढायला सुरुवात केली. कोरडा केर एका बाजूला, ओलं शेण दुसऱ्या बाजूला. हातात येईल ते बोटांनी चोळून बघायचं. मग वस्तू निघायला लागल्या. फुटक्या बांगड्या, पोळ्याच्या मातीच्या बैलाचं एक शिंग, दात पडलेली फणी, तिच्या वारलेल्या सासऱ्यांच्या औषधाची बाटली. प्रत्येक वस्तूबरोबर ती काहीतरी सांगायची. एखाद्या घरात वर्षानुवर्षं राहून कळणार नाही तेवढं मला त्या घराबद्दल त्या सकाळी कळलं. मग निघाले तेलकट कागद. एक नाही, चांगले घडी घालून दडवलेले बरेच. एकाला जिलेबीचा पाक चिकटून मुंग्या लागलेल्या.

"हे कोनाचे वं?" मी विचारलं. कारण मोठीबाईच्या घरात बाजारचं काही खायचं नाही, असा नियम होता आणि तो गावाला माहीत होता.

मैत्रिणीनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं. घाटंजीच्या बाजाराला त्या घरातून एकच बाई जायची. आम्ही पदराचा बोळा तोंडात कोंबला, पण हसू आवरेना. रडून सुजलेले डोळे घेऊन ती हसत होती.

तेवढ्यात काठावर सावली पडली. मोठीबाई उभी होती, काखेत सूप. तिनं आधी सुनेकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग त्या कागदांकडं. मला वाटलं, आता भडका उडणार. तिनं पायानं कुटार ओढून कागद झाकले. मग हळूच काठावर बसली आणि म्हणाली, "हातानं चिवडून काय होते? सुपात टाका, मी पाखडते."

आम्ही कोरडा केर सुपात भरून द्यायचो, ती पाखडायची. म्हातारीचा हात असा की हलकं सगळं उडून जायचं आणि जड ते सुपाच्या टोकाशी गोळा व्हायचं. खडे, काच, खिळा. ऊन चढलं. सूप देताघेता माझा हात तिच्या हाताला लागत होता. तिनं हात मागं घेतला नाही, कदाचित तिच्या ध्यानातही आलं नसेल. मग तिनं एकदम सूप थांबवलं. खड्यांमधे पिवळं काहीतरी चमकलं. एक मणी. थोड्या वेळानं दुसरा. तिसरा काही केल्या सापडेना. दुपार टळून गेली, तेव्हा तीच म्हणाली, "असू दे. गेला मातीत."

जाताना तिनं गड्याकडून सूपभर ज्वारी आणवली. "घे वं, ओटी धर."

"नाही, मोठीबाई. मी कामाले नाही आली."

"मंग कायले आलती?"

"हिच्यासाठी."

मोठीबाई सुपातल्या ज्वारीकडं बघत राहिली. शेवटी म्हणाली, "ऊन लय झालं. घरी जाय. पानी पे." आणि सूप घेऊन निघून गेली.

घरी गेली तर मामाजींनी न्हाणीत पाणी काढून ठेवलेलं होतं.

उन्हाळ्यात खड्डे उपसून खत वावरात न्यायची वेळ आली. आमच्याकडं गाडी नव्हती. मी डोक्यावर नेऊ म्हणत होती, मामाजी नको म्हणत होते. एका सकाळी मोठीबाईची बैलगाडी आमच्या खड्ड्यापाशी येऊन उभी राहिली.

"कोनं धाडली?" मामाजींनी गड्याला विचारलं.

"मोठीबाईनं. गाडी रिकामीच हाये म्हनते."

मामाजी गाडीभोवती एक फेरी मारून आले. बैलांच्या पाठीवर हात फिरवला. मग म्हणाले, "भरा." दिवसभरात सगळं खत वावरात पडलं. संध्याकाळी गाडी परत निघाली तेव्हा त्यांनी नव्या वळलेल्या दोरांची एक जोडी गाडीत ठेवली. "बैलाले बांधाले होईन," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी मोठीबाईच्या बैलांच्या गळ्यात ते दोर होते. गावानं बघितले. काही दिवस बोलणी झाली, मग विषय मागं पडला. सापडला नाही त्या मण्याची चेष्टा मात्र बरेच दिवस चालली. ज्याच्या वावरात तो गेला असेल, त्याचा कापूस पिवळा निघणार म्हणे! त्या वर्षी आमचा कापूस चांगला आला. पांढराच आला.

असे सहा-सात उन्हाळे गेले. मग माझ्या मैत्रिणीच्या नवऱ्याला यवतमाळला नोकरी लागली. जायच्या दिवशी सकाळी ती खड्ड्यावर आली तेव्हा तिचं टोपलं रिकामं होतं. घरातलं माणूस गावाला निघालं की त्या दिवशी झाडत नाहीत. म्हणून केर निघालाच नव्हता. तरी ती आली होती. आम्ही धुऱ्यावर बसलो. धुरा तोवर बसून बसून खाली दबला होता, त्यावर गवत आलं होतं. तिचा धाकटा कडेवर पेंगत होता.

"तिकडं म्हणे नगरपालिकेची गाडी येते," ती म्हणाली. "कचरा दारातूनच घेऊन जाते. कुठं जायलाच नको."

"मंग चांगलंच हाये ना."

"हो," ती म्हणाली. "पण मग सकाळी जायचं कुठं?"

खड्ड्यातून वाऱ्यानं तिच्या पोराच्या गालावर आलेली राख मी पुसली. दुपारी ती गाडीत बसून गेली. मी वावरात होती, दुरून धूळ दिसली.

दुसऱ्या दिवशी मी टोपलं घेऊन गेली, तर शेजारच्या खड्ड्यावर मोठीबाई. स्वतः. टोपलं तिला जड झालं होतं. तिनं केर टाकला, वर दोन मुठी माती टाकली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"लय दूर हाये वं हे," ती धापा टाकत म्हणाली. "बसू दे मले जरा."

मी धुऱ्यावर सरकून तिला जागा करून दिली.