दुधाच्या गाडीवर यू-टर्न: शिरूर, न्हावरे, दौंड

मोटरसायकल विकत घेतली तेव्हा मला ती चालवता येत नव्हती. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते, म्हणजे पुढे हसायला तुम्ही मोकळे.

मी इंग्लंडच्या उत्तरेला एका छोट्या शहरातल्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. गेल्या उन्हाळ्यात घरी परतताना एका शोरूमच्या काचेमागे ती दिसली. गोल दिवा, थेंबासारखी टाकी, तारांच्या आऱ्यांची चाकं आणि काळ्या रंगावर हाताने ओढल्यासारखी सोनेरी रेघ. गाडी नवीकोरी, रूप साठ वर्षांपूर्वीचं. विक्रेता अदबीने म्हणाला, "इम्पोर्टेड आहे मॅडम." मी विचारलं, कुठून? "इंडियातून." शोरूमच्या मधोमध उभी राहून मी इतकी मोठ्याने हसले की आतला मेकॅनिक बाहेर आला. विक्रेत्याने आणखी एक सल्ला दिला. जुन्या काळाचं अस्सल रूप हवं असेल तर एकटीपुरतं सीट बसवून घ्या, मागचं लांब सीट शोभा घालवतं. मी मान डोलावली आणि तसंच बसवून घेतलं. हे सीट लक्षात ठेवा.

गाडी आली आणि दारात उभी राहिली. तिथे मोटरसायकलच्या परवान्याची परीक्षा मोकळ्या मैदानात होते. शंकूंमधून माणसाच्या चालीने गाडी न्यायची आणि मग रस्त्याएवढ्या रुंदीत यू-टर्न घ्यायचा. पाय जमिनीला टेकला की नापास. माझा डावा पाय दोनदा टेकला. दोन्ही वेळा परीक्षकबाई गोड हसून म्हणाल्या, "आज नाही." तिसरी तारीख मिळाली जानेवारीची. तोवर गाडी ताडपत्रीखाली. शेजारी म्हणाला, विकून टाक, हौस म्हणून ठीक आहे, पण सगळ्यांना नाही जमत.

मला सांगा, असं ऐकल्यावर कोण विकेल?

आणि हौसेचंही ऐका. जगभर लोक जुन्या दिसणाऱ्या गाड्या घेतात, कारण त्यांना आजोबांचा काळ परत हवा असतो. छान! पण त्या काळात माझ्या घरातल्या बायका गाडीवर कुठे होत्या? मागे. दोन्ही पाय एकाच बाजूला सोडून, एका हातात पदर आणि दुसऱ्या हातात सीटची कड धरून. मला तो काळ परत नको होता. त्याच्यातली पुढची जागा हवी होती. आणि ती जागा मिळवायची तर जानेवारीत पाय वर राहायला हवा होता.

नाताळच्या सुटीआधी आईच्या भावाला, बबनमामाला, फोन केला. मामा न्हावऱ्याला तीस वर्षं दुधाची गाडी चालवतात. मोटरसायकलच्या दोन बाजूंना दोन किटल्या अडकवून वस्त्यांवरून दूध गोळा करतात. सगळं ऐकून मामा म्हणाले, "आठ दिस हिकडं ये, उज्जे. पाय टेकायचा आस्तोय हेच इसरशील."

तिकीट काढलं.

शिरूर ते न्हावरे

पुण्याहून शिरूरला एसटीने निघालात तर वाघोली पार होईपर्यंत घड्याळ बघू नका. बीपी वाढतं, बस पुढे जात नाही. रांजणगावनंतर रस्ता मोकळा होतो. शिरूरला आईच्या हातचं जेवले, कौतुक आणि बोलणी दोन्ही खाल्ली ("एवढ्या लांब जाऊन शिकली आन् गाडी शिकायला माज्या भावाकडं!"), आणि दुपारच्या एसटीने न्हावरं गाठलं. साधारण तासाभराचा रस्ता. स्वतःच्या गाडीने जाणार असाल तर गळीत हंगामात एक पथ्य पाळा: अंधार पडायच्या आत पोचा. उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत चाललेले असतात, ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला असतो आणि मागे दिवा असेलच असं नाही.

मामांची वस्ती गावापासून थोडी बाजूला. आमची मूळ घरं मेंढरांची. पणजोबा कळप घेऊन भीमेकाठी फिरायचे, आजोबांनी मेंढरं विकून गाई घेतल्या आणि मामांनी गाईंच्या जोडीला ही गाडी. शंभर सीसीची, रंग उडालेली, सीटवर पोत्याचं कव्हर. मामी नऊवारीचा काष्टा घट्ट मारून धार काढत बसल्या होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "इंग्लंडात रस्तं न्हाईत व्हय गं?"

"रस्ते आहेत मामी, मामा नाहीत."

"मंग घिऊन जा की. मला बी जरा सुट्टी."

खळ्यावरचे दोन दिवस

पहाटे दव, मग ऊन. खळ्यावर मामांनी दोन विटा ठेवल्या, मी सांगितलेल्या रुंदीत. रिकाम्या किटल्या बांधल्या. इथलं लायसन्स माझ्याकडे कॉलेजपासून आहे, सराव मात्र शून्य. पहिल्या वळणाला पाय टेकला. दुसऱ्याला टेकला. अकराव्यालाही टेकला. मामा बाजेवर बसून तंबाखू मळत होते.

"खाली काय शोधतीस? काय पडलंय का?"

"नाही मामा, विटेकडे बघते."

"इटंकडं बघशील तर इटंवर जाशील. जिकडं मान, तिकडं गाडी. मान फिरव घुबडावानी."

मग क्रमाने बाकीचं आलं. पुढचा ब्रेक वळताना विसरायचा. मागचा ब्रेक हलका दाबून ठेवायचा, क्लच अर्धा, आणि टाकी गुडघ्यांनी धरायची. भौतिकशास्त्राची शिक्षिका मी, मला हे सगळं फळ्यावर सिद्ध करता येतं. गुडघ्यांना फळा वाचता येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी मामांनी किटल्यांत पाणी भरलं. मला वाटलं, आता मेले. पण गंमत बघा, गाडी शहाणी झाली. जड, पण शांत. मग त्यांनी अर्धं पाणी ओतून दिलं आणि गाडी चवताळली! प्रत्येक वळणाला आतलं पाणी एका कडेला धावायचं आणि मला सोबत न्यायचं.

मामा म्हणाले, "भरल्याली किटली गप बसती. अर्धी किटली बोंबलती."

शाळेतल्या मुलांच्या भाषणांच्या स्पर्धांत मी पुष्कळ अर्ध्या किटल्या ऐकल्या आहेत. त्या वयात मी स्वतःही एक होते. संध्याकाळपर्यंत अर्ध्या किटल्यांसह वळण जमलं. एकदा नव्हे, सलग सहा वेळा. मी खळ्यावर उड्या मारल्या, गाई बिचकल्या आणि मामी ओरडल्या, "आगं, दूध आटवशील त्यांचं!"

सांडलेलं दूध

तिसऱ्या सकाळी मी म्हटलं, मामा, आज खरं दूध. मामा मागून पुतण्याच्या गाडीवर येतो म्हणाले. गावातल्या चौकातल्या चहाच्या हॉटेलात दूध द्यायचं होतं. पोचले, थाटात उतरले, माप घेतलं आणि उजव्या किटलीतून ओतत राहिले. हॉटेलवाला कौतुकाने बघत होता. मला कोण अभिमान! निघाले, चौकात वळवली आणि गाडी डावीकडे आडवी. भरलेल्या डाव्या किटलीचं झाकण उडालं. दूध रस्त्यावर, दोन कुत्री हजर, आणि मी किटल्यांच्या लोखंडी फ्रेमच्या आधाराने वाचलेली.

मामा आले. आधी मला उठवलं, कोपर बघितलं, मग गाडी.

"लागलं का?"

"नाही."

"एकाच अंगाची किटली वतली न्हवं?"

तेव्हा डोक्यात उजेड पडला. तीस वर्षं दूध घालणारा माणूस एक माप डावीकडून, एक उजवीकडून काढतो. कुणी शिकवत नाही, हात आपोआप जातो. मी एक बाजू रिकामी केली होती आणि दुसऱ्या बाजूचं सगळं वजन घेऊन वळले होते. समतोलाचा धडा दरवर्षी शिकवणारी मी! सांडलेल्या दुधाबद्दल मामा त्या दिवशी आणि नंतरही एक शब्द बोलले नाहीत.

जेवताना मामा तोच धडा मामींना समजावून सांगत होते. एका अंगाला वजन आलं की गाडी वढती, म्हणून दोन्हीकडून घ्यावं, वगैरे. मामींनी भाकरी थापता थापता ऐकून घेतलं आणि विचारलं, "आन् मी बसते तवा?"

"तू काय?"

"मी तीस वर्सं एकाच अंगानं बसते. दोन्ही पाय हिकडं. मी काय रिकामी किटली हाय व्हय?"

मामांनी भाकरीचा तुकडा मोडला. "तुझं वजन मी संबाळतो की."

"संबाळता! वळणावर 'हलू नगं, हलू नगं' म्हणून वराडता."

 मामींचा काष्टा माझ्यासमोर होता. नऊवारी! घोड्यावर मांड ठोकता यावी असं नेसणं. हे नेसून दोन्ही पाय एका बाजूला टाकून बसायचं, हे ठरवलं कुणी? मी भाषण ठोकलं. चुलीसमोर, चांगलं दहा मिनिटं. मामींनी ते मध्येच कापलं.

"लई बोललीस. माझ्या बहिणीकडं दौंडला जायचंय मला रविवारी. तू नेतीस का?"

"नेते की!"

"मंग ऐक. तू वळणावर पाय टेकायचा न्हाई, तर मी बी मांड टाकून बसन. तू टेकलास पाय, की मी उतरून एसटीनं. लोकं काय म्हणायची ती म्हणूंद्यात, पर एकदाच म्हणूंद्यात. फुकाट न्हाई बोलून घेणार मी."

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. परीक्षकबाईंची भीती त्यापुढे काहीच नव्हती.

न्हावरे, केडगाव, दौंड

रविवारी सकाळी मामांनी किटल्यांची फ्रेम सोडवली आणि मग लक्षात आलं की मागे बसणाऱ्याला उजवीकडे पाय ठेवायला पायपट्टीच नाही. किटली अडकवताना काढली होती, नवी गाडी आली त्याच आठवड्यात. कधी लागलीच नव्हती. मामांनी पत्र्याच्या पेटीतून ती गंजलेली पट्टी शोधली, रॉकेलने पुसली आणि बसवली. मामी बाजूला उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी पदर खोचला, मामांच्या खांद्यावर हात ठेवला आणि उजवा पाय पलीकडे टाकला.

"हाय की जागा," म्हणाल्या.

गाडी निघाली आणि मला पहिला धक्का बसला: मागे कुणी आहे हे जाणवतच नव्हतं! भरल्या किटल्यांसारखी गप्प, सरळ गाडी. पारगावच्या पुलावर भीमेवर धुकं होतं, पाणी दिसत नव्हतं, फक्त काठाचा ओला वास येत होता. पुलावर थांबायचं असेल तर पूल ओलांडून थांबा, वर जागा नाही. मामी मागून मोठ्याने म्हणाल्या, "पुढचं दिसतंय गं समदं! एका अंगानं बसलं की निस्तं शेत दिसायचं."

केडगावात मी चुकले. चौफुल्याकडे जाण्याऐवजी गप्पांच्या नादात स्टेशनच्या दिशेने आत शिरले. नुकतीच लोकल येऊन गेली होती. समोर रिक्षा, कांद्याचा टेम्पो, उतरलेली माणसं, आणि रस्ता तेवढाच रुंद, जेवढा त्या परीक्षेच्या मैदानात आखलेला असतो. मागे फिरण्याशिवाय इलाज नव्हता.

"वळव," मामी म्हणाल्या. "आन् पाय वर."

गुडघे आवळले. क्लच अर्धा, मागचा ब्रेक हलका. मान घुबडासारखी फिरवली, टेम्पोकडे नाही, जिथे जायचं त्या पिंपळाकडे. गाडी तिथल्या तिथे गोल फिरू लागली. रिक्षावाल्यांच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "मावशी, पडशीला! घोड्यावर बसलाव का?"

मामी माझ्या खांद्यामागून कडाडल्या, "आधी तुझ्या आयला आशी बसव, मंग मला इचार!"

सगळी रांग त्याच्यावरच हसली. गाडी सरळ झाली. माझे दोन्ही पाय वर होते. दोन्ही! हेल्मेटच्या आत मी काय ओरडले ते इथे लिहीत नाही.

याच केडगावात, बायकांना आसरा आणि अक्षरं देणारं एक जुनं मिशन आहे. त्या रस्त्यावरून जाताना मी आपोआप गाडी हळू केली. चौफुल्याला मिसळ खाल्ली, तिखट आहे, दही मागून घ्या. मग सोलापूर हायवेने पाटस आणि तिथून डावीकडे दौंड. हायवेवर डावी कड सोडू नका, ट्रक थांबत नाहीत.

मामींच्या बहिणीने दार उघडलं, गाडी बघितली, मग बहीण.

"आशी आलीस? न्हावऱ्यापास्नं?"

"आशी."

त्या मावशी आत गेल्या. मला वाटलं, रागावल्या. त्या चप्पल घालून बाहेर आल्या. "मला बी एक चक्कर मार गं पोरी. गल्लीच्या टोकापत्तोर."

गल्लीच्या टोकाला रस्ता संपतो. यू-टर्न घ्यावा लागला. पाय टेकला नाही.

परत

जानेवारीत त्याच मैदानात, बोचऱ्या वाऱ्यात, त्याच परीक्षकबाई. वळताना मी शंकूंकडे पाहिलंच नाही, मैदानापलीकडच्या एका झाडाकडे पाहिलं. बाईंनी कागदावर खूण केली आणि म्हणाल्या, "कुठे शिकलात?" दुधाच्या गाडीवर, मी म्हणाले. त्यांना ते कितपत कळलं माहीत नाही. पुढे रस्त्यावरची परीक्षाही पार पडली.

पण न्हावऱ्याला फोन मी मैदानातूनच लावला. मामींचा एकच प्रश्न: "टेकला का पाय?"

"न्हाई."

"माझा बी. बाजारला गेलते ह्यांच्या मागं, मांड टाकून. ह्यांनी पुन्यांदा फ्रेम बसवलीया, पर पट्टी ठिवलीया तशीच."

मामांचा आवाज मागून आला, "पट्टीपायी फ्रेम वाकवून घ्याया लागली!"

त्यांनी फ्रेम वाकवून घेतली. तीस वर्षांनी! मी फोन ठेवला आणि शोरूम गाठलं. विक्रेता त्याच अदबीने म्हणाला की लांब सीटने अस्सल जुनं रूप जाईल. म्हटलं, जाऊ दे. लांब सीट द्या, आणि मागच्या पायपट्ट्या, दोन्ही बाजूंच्या.