महेश्वरीअक्कानं टॅब पारखला त्याची गोष्ट

परंड्याच्या एसटी स्टँडसमोरच्या बोळात आण्णासाहेबांचा छापखाना आहे आणि त्या छापखान्यात महेश्वरीअक्का आहे. खरं तर उलटं म्हणायला पाहिजे, अक्का आहे म्हणून छापखाना आहे. आण्णासाहेब सत्तरी ओलांडून दारातल्या खुर्चीत पेपर वाचत बसतात आणि येईल त्याला "आत जा, अक्काला विचारा" एवढंच सांगतात. मजकूर लिहून घेणं, कंप्युटरवर बसवणं, प्रूफ काढणं आणि पाहुण्यांचे रुसवे ऐकून घेणं, हे सगळं अक्काच्या अंगावर. बावीस वर्षं झाली. नवरा गौरीशंकर किराणा दुकान चालवतो आणि घरी आल्यावर विचारतो, "आज कुणाकुणाची लग्नं लावून आलीस?"

आता लग्नपत्रिका ही काय चीज आहे, हे ज्याच्या घरात कार्य झालंय त्यालाच विचारा. नवरानवरीची नावं म्हणजे नुसतं निमित्त. खरी पत्रिका त्यांच्या खाली सुरू होते. प्रेषक कोण, निमंत्रक कोण, स्वागतोत्सुक कोण आणि सगळ्यात तळाला व्यवस्थापक कोण! कुणाचं नाव कुठल्या ओळीत पडलं यावरून आमच्याकडं माणसं बोलायची बंद होतात. म्हणून रीतच आहे, की छापायच्या आधी भावकी बसवायची, प्रूफ मोठ्यानं वाचायचं आणि ज्याला जे म्हणायचंय ते तिथंच म्हणून घ्यायचं.

ही रीत पाळूनसुद्धा घोळ झाला, आणि तो अक्काच्या हातून झाला.

सहा वर्षांपूर्वी बोरखेडीच्या बब्रुवान पाटलांच्या थोरल्या मुलाचं, अमरसिंहचं लग्न होतं. मांडवाची सगळी जबाबदारी बब्रुवानचा धाकटा भाऊ दिग्विजय याच्याकडं होती, म्हणून यादी लिहिणाऱ्यानं त्याचं नाव व्यवस्थापकांत टाकलं. भावकीपुढं प्रूफ वाचलं तेव्हा दिग्विजय मांडवाच्या कामाला गेलेला. सगळे उठून गेल्यावर बब्रुवाननं स्वतः पेन्सिल घेतली, दिग्विजयच्या नावाला गोल केला आणि बाण वर नेऊन आपल्या नावाशेजारी सोडला. प्रेषक, दोघं भाऊ, एका ओळीत. अक्कानं संध्याकाळी दुरुस्ती केलीसुद्धा. पण दुरुस्त केलेली फाईल वेगळ्या नावानं जतन झाली आणि सकाळी घाईत मशीनवर गेली ती जुनीच. लगीनघाईत पुन्हा कुणी वाचलं नाही आणि बाराशे पत्रिका छापून वाटून झाल्या. सख्खा चुलता मंडपवाला आणि आचाऱ्याच्या मधे!

दिग्विजयला वाटलं, भावानं मुद्दाम केलं. त्यानं भर मांडवात आवाज चढवला. बब्रुवानला वाटलं, घरात येऊन एक शब्द विचारला असता तर काय बिघडलं असतं? त्या दिवसापासून समोरासमोरच्या दोन घरांत बोलणं बंद. त्यांची आई सारजाबाई आठ दिवस इकडं आणि आठ दिवस तिकडं जेवायची.

चूक लक्षात आली तेव्हा अक्का बोरखेडीला निघालीच होती. आण्णासाहेबांनी अडवलं. "एकदा छापखान्यानं चूक पदरात घेतली की सगळा तालुका दारात उभा राहील. गप बस." अक्का गप बसली. पण बोरखेडीचं कुणी दारात आलं की तिचा चेहरा उतरायचा, हे गौरीशंकरनं किती वेळा पाहिलं होतं.

आता बब्रुवानच्या मुलीचं, शिवांजलीचं लग्न ठरलं. सारजाबाईनं जाहीर केलं, "माझी दोन्ही लेकरं एका वळीत असली तरच म्या मांडवात येईन." म्हातारीचा खुबा मोडलेला, बाजेवरून उठता येत नाही, पण शब्दाला धार तशीच. अक्कानं दोघांची नावं घालून प्रूफ धाडलं. बब्रुवाननं दिग्विजयचं नाव खोडून परत पाठवलं. दुसऱ्यांदा धाडलं, ते समोरच्या घरात गेलं आणि दिग्विजयनं फाडलं. "घालायचं असंल तर त्यानं सोत्ता येऊन इचारावं!" लग्न पाच आठवड्यांवर आलं आणि पत्रिकेचा पत्ता नाही.

मग अक्कानं मनाशी ठरवलं. कागद पाठवायचा नाही. आपणच जायचं, त्या घरात बसायचं, सहा वर्षांपूर्वीच्या दोन्ही फायली त्यांच्यापुढं उघडायच्या आणि जे झालं ते सांगून टाकायचं. आणि पत्रिका तिथंच, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बसवायची.

छापखान्यातला कंप्युटर काही उचलून नेता येत नाही. लॅपटॉप म्हणावा तर तो एकाच्या मांडीवर आणि बाकीच्यांना त्याची पाठ दिसते. अक्काला असं काहीतरी पाहिजे होतं जे परातीसारखं मधोमध ठेवता येईल, हातोहात फिरवता येईल आणि बाजेवर पडलेल्या म्हातारीच्या पुढ्यात धरता येईल. म्हणजे टॅब. तिनं जाहिरात बघून एक चकचकीत टॅब मागवला. "कंप्युटरसारखंच काम" असं त्यात ठळक लिहिलं होतं. अमरसिंहची पत्रिका त्यात उघडली तर नावांच्या जागी नुसत्या चौकटी! आत अँड्रॉइड, आणि अक्काचं जुनं मराठी सॉफ्टवेअर चालतं फक्त विंडोजवर. त्याला यूएसबीत खोचायचं एक डोंगलही लागतं, ते नसलं तर सॉफ्टवेअर उघडतच नाही. टॅबला डोंगल खोचायला भोकच नव्हतं.

अक्कानं टॅब परत केला. दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, मरू दे, जमत नाही आपल्याला. ही बाई वहीत लिहून बसली, "वरून टॅब, आतून अख्खा कंप्युटर." आणि पुढच्या रविवारी गौरीशंकरला दुकान बंद ठेवायला लावून बार्शी गाठली.

पर्समध्ये दोनच वस्तू. एक ते डोंगल, आणि दुसरा पेन ड्राइव्ह, त्यात सॉफ्टवेअर आणि अमरसिंहची पत्रिका. तीनशे चौदा नावं, चार प्रकारचे टाईप, वर गणपती, खाली वेलबुट्टी. एवढी अवघड पत्रिका तिनं दुसरी केली नव्हती. दुकानात शिरलं की अक्का म्हणायची, "भाऊ, बाकी काही सांगू नका. एवढं उघडून दाखवा."

पहिल्या दुकानातला विक्रेता कॅमेऱ्याचं कौतुक सांगायला लागला. "मला फोटो काढायचे न्हायत, नावं बसवायचीत," अक्का म्हणाली आणि उठली. दुसऱ्या दुकानात खरोखर विंडोजचा टॅब होता, पातळ, हलका, दिवसभर चार्जिंग टिकणारा. गौरीशंकर भुलला. अक्कानं डोंगल लावलं. टॅब त्याला ओळखच देईना. दुकानदारानं अर्धा तास खटाटोप केला, मग कबूल केलं, "मॅडम, विंडोज आहे, पण आतला प्रोसेसर मोबाईलच्या जातीचा. जुनी डोंगलं ह्याला चालत न्हायत." अक्कानं तेही वहीत लिहिलं. अहो, शिकलेसवरलेले लोक डब्यावरचं चित्र बघून वस्तू घेतात आणि महिनाभर दुकानदाराला शिव्या घालतात. ही बारावी पास बाई समोरच्याला घाम फोडून मगच पुढं जात होती!

"बायकू टॅब घ्यायला निघालीया का जावई बघायला?" गौरीशंकरनं विचारलं.

"जावई पसंत न्हाय पडला तर पोरगी माघारी आणता येती," अक्का म्हणाली. "हितं माझा शब्द जातोय."

बार्शीहून तसंच पुढं सोलापूर. तिथं तिसऱ्या दुकानात पत्रिका उघडली. गौरीशंकरनं हुश्श केलं. पण पडद्यावर सगळं इतकं बारीक यायचं, की सॉफ्टवेअरची बटणं मुंगीएवढी दिसायला लागली. एकावर बोट ठेवलं की चार दाबली जायची. अक्कानं मान हलवली. चहा पिऊन चौथं दुकान. हा दुकानदार वयस्कर, कुणाच्या तरी ऑफिसातून आलेले जुने कंप्युटर दुरुस्त करून विकणारा. त्यानं पत्रिका बघितली, डोंगल बघितलं, आणि एक अक्षर न बोलता आतून एक जाडजूड टॅब काढून आणला. दिसायला अगदी रांगडा. मागं उभा करायला टेकू, खालचा कीबोर्ड ओढला की सुटा होणारा, कडेला दोन यूएसबी, आणि आत मोठ्या कंप्युटरचा प्रोसेसर. चालू केला की पंख्याचा आवाज यायचा. त्यानं बटणांचा आकार वाढवून दिला. डोंगलचा हिरवा दिवा लागला. पत्रिका उघडली आणि तीनशे चौदा नावं आपापल्या जागी उभी राहिली.

अक्कानं कीबोर्ड सुटा केला, टॅब मांडीवर घेतला आणि एका नावावर बोट ठेवून ओढलं. नाव सरकलं.

"हाच द्या," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि दुकानदाराला वाटलं, बाईला किंमत जास्त वाटली.

मंगळवारी सकाळी दहाला अक्का बोरखेडीत होती. बब्रुवानच्या ओसरीवर सतरंजी टाकलेली, बाजेवर सारजाबाई, उशाशी शिवांजली. भावकीतले दोघं-तिघं आले होते. अक्कानं टॅब मधोमध उभा केला. मग बब्रुवानकडं वळून बोलायला सुरुवात केली ती थांबली नाही.

"तात्या, पत्रिका बसवायच्या आधी एक दाखवायचंय. अमरसिंहच्या लग्नाच्या ह्या दोन फायली. ही छापली ती. आन ही तुमी पेन्सिलीनं बाण काढून दिला, तशी म्या त्याच दिवशी दुरुस्त केलेली. खाली तारीख बघा. मशीनवर चुकीची गेली. माझ्या हातानं गेली. सहा वर्षं म्या तोंड उघडलं न्हाय."

बब्रुवान वाकून बघत राहिले. प्रेषक, बब्रुवान, आणि शेजारी दिग्विजय. त्यांनी बोटानं नावाला हात लावला.

"म्या सांगितलं हुतं," ते भावकीकडं वळून म्हणाले. "बघा, म्या सांगितलं हुतं का न्हाय?" आणि मग आवाज फुटला. "अक्का, सहा वर्षं! घराचं वाटोळं झालं आन तुमी गप बसला?"

अक्कानं मान खाली घातली.

"तिच्यावर वरडू नगंस," बाजेवरून सारजाबाई म्हणाली. "तिची चूक एका सकाळची. तुमच्या दोघांची सहा वर्षांची. जा गं पोरी, समोर जाऊन त्यालाबी दाव."

अक्का टॅब दोन्ही हातांत धरून गल्ली ओलांडून गेली. दिग्विजय दारातच उभा होता, त्यानं सगळा आवाज ऐकलेला. तिनं पुन्हा तेच सांगितलं, एक शब्द कमी न करता. दिग्विजयनं दोन बोटांनी ती ओळ मोठी केली. पुन्हा मोठी केली. आपलं नाव, दादाचं नाव.

"ही दादानं सांगितल्याली?"

"त्यांच्याच पेन्सिलीनं, बापू."

दिग्विजयनं टॅब तिच्या हातातून घेतला आणि चालायला लागला. पायात चप्पल नव्हती. भावाच्या उंबऱ्यापाशी येऊन थबकला, मग आत आला. ओसरीवरचे सगळे उभे राहिले. दिग्विजयनं टॅब आईच्या पुढ्यात ठेवला.

"आई, तूच सांग माझं नाव कुठं घालायचं."

सारजाबाईला अक्षर येत नाही. "ह्यातला दिग्या कुठला?" तिनं विचारलं. अक्कानं शिवांजलीची नवी पत्रिका उघडली, दिग्विजयचं नाव तळाला लिहिलं आणि म्हातारीचं बोट धरून त्याच्यावर ठेवलं. "असंच दाबून वर न्या, आज्जी." नाव हळूहळू वर निघालं, स्वागतोत्सुक ओलांडलं, निमंत्रक ओलांडलं, आणि बब्रुवानच्या नावाला चिकटून थांबलं. सारजाबाईनं बोट उचललं. "हाय का शेजारी?"

"हाय, आई," दोघं भाऊ एकदमच म्हणाले, आणि बब्रुवाननं तोंडाला उपरणं लावलं.

नाव दोन सूत खाली बसलं होतं. अक्कानं ओळ सरळ करायला हात पुढं केला, तर बब्रुवाननं तिचा हात अडवला.

"ऱ्हाऊ द्या. आईनं ठिवलंय तसंच छापा."

बावीस वर्षांत महेश्वरीअक्कानं एकही ओळ वाकडी जाऊ दिली नव्हती. ही तिनं बाराशे वेळा वाकडीच छापली.