साहेबांचा चहा

आमच्या महिला गटांच्या जाळ्याला निधी देणाऱ्या संस्थेचे साहेब काम बघायला आले. सकाळी आमोण्यात चहाचा एक घोट घेऊन त्यांनी कप खाली ठेवला. "साखर चालत नाही मला." मग मी त्यांना मोरजीला नेलं. वाटेत मी कुणालाच फोन केला नव्हता. तरी तिथल्या बायकांनी लाडू फक्त माझ्यापुढे ठेवले आणि साहेबांना न विचारताच बिनसाखरेचा चहा दिला. त्यांनी तो चवीने संपवला, तोंड पुसलं आणि गंभीर होऊन मला विचारलं, "या गावातली गोष्ट त्या गावात पोचते, याला पुरावा काय?"

मी लाडू खाली ठेवला.

"साहेब, चहा गोड होता?"