अण्णांची सनई, तात्यांचा सूर

भिकोबाअण्णांची आणि माझी पहिली भेट नगरच्या एका थिएटरात झाली. त्यांच्या सनईवरच्या माहितीपटाचा तो पहिलाच खेळ होता. निवेदन माझं होतं. ते मी पुण्यात बसून, नुसती रिळं बघून लिहिलेलं. खर्ड्याला, त्यांच्या गावी जाऊन अण्णांना भेटावं, हे काही मला सुचलं नव्हतं. गौरवाच्या लेखांचा मला कंटाळाच आहे. हा लिहितोय तो त्या दिवसापासून मन थाऱ्यावर नाही म्हणून.

माहितीपटात एका जागी अण्णा सनई ओठांवरून खाली घेतात. तिथे मी लिहिलं होतं, 'इथे आवाज संपतो. इथून पुढे फक्त काळ.' या वाक्यावर मी फार खूश होतो. खेळ सुटल्यावर माणसं अण्णांच्या पाया पडत होती. मीही पुढे झालो, नाव सांगितलं.

"ते मधी बोलनं तुमी लिवलं का?" अण्णांनी विचारलं.

मी हो म्हटलं आणि कौतुकाची वाट बघत उभा राहिलो.

"आवाज संपतो म्हनलात. कुठं संपला? म्हसू वाजवीत हुता की."

शेजारी त्यांचे साथीदार म्हसूतात्या उभे होते. चाळीस वर्षं ते अण्णांच्या मागे बसून दुसऱ्या सनईवर एकच सूर धरून ठेवताहेत, गालात हवा साठवून, न थांबता. अण्णा दम घेतात तेव्हा तो सूर एकटाच चालू असतो. मला ती जागा रिकामी वाटली, म्हणून मी शब्द भरले. पडद्यावर तात्यांचं फक्त कोपर दिसतं.

"जाऊ द्या अण्णा, पोरगं हाय," तात्या म्हणाले.

"पोरगं कशाचं? कालेज शिकल्यालं हाय."

अण्णांचं हे आजचं नाही, हे मला नंतर कळलं. पूर्वी पुण्याच्या एका मोठ्या मैफलीचं त्यांना बोलावणं होतं. संयोजकांनी कळवलं, साथीदार आणू नका, आमच्याकडे तंबोरा आहे. अण्णांनी उलट निरोप धाडला, "तंबोऱ्याला माझा दम कवा संपतो त्ये कळत न्हाई." आणि गेले नाहीत.

वाक्य काढून टाक म्हणून मी दिग्दर्शकाच्या मागे लागलो. तो म्हणाला, प्रिंट निघाली, आता काही होत नाही. पुढचा खेळ काष्टीला होता. मला बसवेना. एसटीने खर्डा गाठला आणि अण्णांना खरं ते सांगितलं.

"मंग तेवढ्या वक्ताला आवाज बंद करा," अण्णा म्हणाले.

"पण त्याबरोबर तात्यांचा सूरही जाईल, अण्णा."

अण्णांनी जरा विचार केला, मग शेजारी बसलेल्या तात्यांकडे वळले. "म्हसू, काष्टीला जायाचं का?"

"बाजारच्या दिशी आसंल तर येतो. बैलाला कासरा घ्यायचाय."

काष्टीच्या शाळेत खिडक्यांना घोंगड्या लावून भर दुपारी खेळ झाला. तात्या सनई घेऊन पुढे जमिनीवर बसले होते. पडद्यावरची सनई ऐकत त्यांनी हळूच आपला सूर जुळवून घेतला. मी मशीनपाशी आवाजाच्या बटणावर हात ठेवून उभा होतो. अण्णांनी पडद्यावर सनई खाली घेतली, मी बटण फिरवलं. माझं वाक्य गेलं. तात्यांचा सूर सगळ्या वर्गभर उभा राहिला. माणसं पडदा सोडून त्यांच्याकडे बघायला लागली. मी आवाज परत चढवला, तेव्हा अण्णांची सनई त्या सुरावर येऊन टेकली. प्रेक्षकांतले अण्णा डोळे मिटून बसले होते. जाताना बाजारात घेतलेला तात्यांचा कासरा माझ्या खांद्यावर टाकून ते म्हणाले, "चला, ह्यो घ्या यष्टीपतुर."

अण्णांना आता पंचाहत्तर पूर्ण होताहेत. त्यांना निरोगी, भरपूर आयुष्य लाभो, दम शाबूत राहो. आणि तेवढंच सगळं म्हसूतात्यांनाही लाभो, कारण एकट्या अण्णांना शुभेच्छा दिलेल्या त्यांना चालायच्या नाहीत. संपादकांना एक विनंती. या गौरवग्रंथात तात्यांचा फोटो घ्यावा, पूर्ण, चेहऱ्यासकट. जागा कमी पडली तर हा लेख काढावा.